कळी नावाची आमची मुंगी

माझी ताई चष्म्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, नाकाचा आणि कानांचा अंदाज घ्यायचा, फ्रेम चढवायची, दांडी थोडी वाकवायची आणि म्हणायचं, "आता मान हलवून बघा." दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघण्याचा पगार मिळतो, असं ती स्वतःच सांगते. बाई बडबडी आणि थोडी घाबरट. लिफ्ट अडकेल या भीतीने जिने चढते आणि वर पोचल्यावर धापा टाकत लिफ्टलाच शिव्या घालते. मी तिचा धाकटा भाऊ, तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे या शिव्या मला रोज ऐकू येतात.

भाऊजी मालवाहू जहाजावर खानसामा आहेत. घरी कमी, पाण्यावर जास्त. मुलगी झाली तेव्हा ते कुठल्यातरी बंदरात कांदे सोलत बसले होते आणि लेकीचं तोंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर. तेव्हापासून ताईला फोटो टाकायची सवय लागली ती लागलीच. मुलगी हसली की फोटो, रुसली की फोटो, झोपली की तर चार फोटो. जहाजावर नेट कधी असायचं, कधी नसायचं. मग ताई सगळं आपल्या अकाउंटवर टाकून ठेवायची आणि नेट आलं की भाऊजी साठलेलं सगळं एका बैठकीत बघून घ्यायचे. पासवर्ड विसरण्यात भाऊजींचा हात धरणारा कुणी नाही. दुसऱ्या कुणाच्या फोनवरूनही त्यांना दिसावं, म्हणून ताईने अकाउंट सगळ्या जगाला उघडं ठेवलं होतं. शिवाय अनोळखी लोक खाली गोड गोड लिहायचे. तेही तिला आवडायचं, हे ती लपवत नाही.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. रांगायला लागली तेव्हा घरात कुठेही सोडा, ती सरळ रेषेत साखरेच्या डब्याकडे निघायची. डाव्या भुवईत तिला एक बारीक खूण आहे, टेबलाच्या कोपऱ्याची.

मुंगी सात वर्षांची असतानाची गोष्ट. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि फिरत्या स्टुलावर बसून रिकाम्या फ्रेमा घालून बघायची. त्या दुपारी दुकानात एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले, बोटांना सुयांचे वण. घरी पडदे शिवायचं काम करायच्या आणि हल्ली सुईत दोरा ओवता येईना म्हणून नंबर वाढवायला आल्या होत्या. ताईने खुर्ची पुढे केली. बाई बसणार, तेवढ्यात स्टूल गर्रकन फिरलं आणि मुंगीने लाल फ्रेममधून त्यांच्याकडे बघून दात काढले. दात म्हणजे, पुढचे दोन पडलेले होते.

बाई तशाच थांबल्या. अर्ध्या वाकलेल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. ताई सांगते, त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना तिला दिसला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तो चष्मा जरा काढतेस?"

मुंगीने काढला. बाईंनी तिच्या भुवईकडे पाहिलं.

"काय हो, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" ताईने विचारलं.

"ही कोण?"

"माझी मुलगी."

"नाही," बाई हळूच म्हणाल्या, मुंगीला ऐकू जाऊ नये म्हणून. "ही वारली ना."

आणि पर्स तिथेच टाकून त्या दुकानाबाहेर पडल्या.

ताईला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालेला असेल. पर्स तिने खणात ठेवली. पण त्या संध्याकाळी तिने मुंगीला हाताला धरून घरी आणलं, आणि वाटेत हात जरा जास्तच घट्ट धरला होता, असं मुंगीने मला तक्रार केल्यासारखं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई पर्ससाठी परत आल्या. आज शांत होत्या. "काल मी असं वागायला नको होतं," म्हणाल्या. "पण तुम्ही हे बघाच." आणि त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

स्क्रीनवर एक पान होतं. नाव, 'आमची कळी'. त्यावर मुंगी. मुंगी झोक्यावर, मुंगी खिडकीत, मुंगी आंघोळ करून टॉवेलात. सगळीकडे नाव कळी. कळीला रक्ताचं दुखणं होतं. कळीची आई रोज लिहायची: आज कळीने दोन घास खाल्ले, आज कळी माझ्याकडे बघून हसली, आज डॉक्टर काही बोलले नाहीत. वाचणारे हजारो. कुणी प्रार्थना करत होतं, कुणी स्वतःचं दुःख सांगत होतं. आणि काही महिन्यांपूर्वीच्या एका दिवशी तिथे फक्त एका पेटत्या मेणबत्तीचा फोटो होता. खाली एकच ओळ. "आमची कळी आज पहाटे गेली."

ताई खाली खाली बघत राहिली, कारण थांबवेना. मागे एकदा मुंगीने च्युइंगगम केसांत चिकटवून घेतलं होतं आणि ताईने चिडून केस अगदी बारीक कापले होते. आम्ही किती हसलो होतो त्या फोटोला! इथे त्याखाली लिहिलं होतं: "औषधांनी केस गेले. पण माझी राणी रडली नाही." तापात कपाळावर ओली पट्टी ठेवून झोपलेली मुंगी. ताप साधा होता, शाळेतून आलेला, पण इथे ती 'शेवटच्या लढाई'त होती. दुकानातल्या डोळे तपासायच्या खुर्चीवर बसलेली मुंगी इस्पितळात पोचली होती. कुठेही खाडाखोड नाही. फोटोंना बोटही लावलेलं नव्हतं, फक्त कडेचं थोडं कापलेलं. आमच्या घरातलं सगळं हसू तसंच उचलून कुणीतरी त्याखाली मरण लिहिलं होतं.

एका फोटोत मुंगीच्या पोटावर ठेवलेला ताईचा हात होता, इस्त्रीच्या जुन्या डागासकट. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "या आईच्या हातांत केवढं बळ आहे."

"मी रोज बोलायचे तिच्याशी," पडदेवाल्या बाई म्हणाल्या. "कळीच्या आईशी. माझा मुलगा लहानपणीच गेला. इतक्या वर्षांनी कुणाशी तरी त्याच्याविषयी बोलले. ती म्हणायची, मावशी, तुम्हालाच कळेल." मग त्यांनी ताईकडे नीट पाहिलं. "आता मला सांगा, तुम्हा दोघींपैकी खरी कोण?"

हा प्रश्न ताईच्या काळजात रुतला. आपल्याच मुलीची आई असल्याचा पुरावा कुणी मागेल, असं कुणाच्या मनात येतं? ती बाईंना त्याच दुपारी घरी घेऊन आली. मी तेव्हा वर तिच्याकडेच होतो, दार मीच उघडलं. बाई दोन पावलं आत आल्या आणि खिडकीकडे बघून मटकन सोफ्यावर बसल्या. खिडकीला ताईने स्वतः शिवलेला पिवळा पडदा होता. त्याची खालची दुमड एका बाजूला वर चढलेली. ताईला शिवण येत नाही.

"ही दुमड," बाई म्हणाल्या. "कळीच्या फोटोत मला रोज दिसायची. वाटायचं, जाऊन एकदा नीट करून द्यावी त्या बिचारीला."

मला त्या खिडकीजवळ जायला नको वाटलं. त्या खोलीत मी हजार वेळा जेवलोय, पेपर वाचलाय, घोरलोय. पण हजारो अनोळखी लोकांनी तीच खोली एका मरणाऱ्या मुलीची म्हणून डोळ्यांत साठवली होती, आणि आता आम्हीच तिथे उपरे वाटायला लागलो.

ताईने पहिली चूक तेव्हाच केली. संतापाच्या भरात तिने त्या पानाला मेसेज पाठवला: "ही माझी मुलगी आहे. जिवंत आहे. फोटो आत्ताच्या आत्ता काढा." उत्तर लगेच आलं. ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.

"तुम्ही कोण? माझ्या कळीचे फोटो तुमच्याकडे कसे आले? मेलेल्या मुलीला तरी सोडा."

फोन चावला असावा तसा ताईने तो खाली टाकला.

दुसऱ्या दिवशी कळीच्या आईने आपल्या हजारो लोकांना सांगितलं, की एक बाई माझ्या मुलीचे फोटो स्वतःच्या मुलीचे म्हणून मिरवते आहे. खाली ताईच्या अकाउंटचं नाव दिलं. लोक तुटून पडले. "लाज वाटत नाही का," "तुला मूल नाही म्हणून दुसऱ्याचं मेलेलं मूल चोरतेस का," असलं काय काय. सगळे मनापासून रागावलेले, सगळ्यांना वाटत होतं आपण एका दुःखी आईच्या पाठीशी उभे आहोत. त्यांनी ताईविरुद्ध इतक्या तक्रारी केल्या, की कंपनीने ताईचंच अकाउंट बंद करून टाकलं. कारण दिलं, दुसऱ्याचं रूप घेणे. आम्ही कळीच्या पानाची तक्रार केली होती, तिचं उत्तरही आलं. त्या पानात नियमाविरुद्ध काही आढळलं नाही.

भाऊजींना जहाजावर नेट आलं तेव्हा लेकीची सात वर्षं गायब होती. "पान कुठे गेलं? मुंगी बरी आहे ना?" ताईने मुंगीला फोनवर बोलायला लावलं. भाऊजींनी तिला तीनतीनदा विचारलं, "तूच ना गं?" मुंगी वैतागून म्हणाली, "नाही, मी जिराफ."

मग एके सकाळी ताई दुकान उघडायला गेली, तर शटरला टेकून कापडाचा एक ससा बसवलेला. शेजारी पांढरी फुलं. सशाच्या गळ्यात चिठ्ठी होती: "कळी, तू असशील तिथे सुखात राहा." शाळेला सुट्टी होती म्हणून मुंगी बरोबर होती. तिने सशाला उचलून घेतलं आणि विचारलं, "आई, कळी कोण? हा मी घेऊ?"

ताईने ससा हिसकावून घेतला. मुंगी रडली. ताईही.

तो कुणी वाईट माणसाने ठेवला नव्हता, हे सगळ्यात भयंकर. एका फोटोत मुंगीच्या मागे दुकानाची पाटी अर्धी दिसत होती. कुणीतरी हळव्या मनाने ती ओळखली, पत्ता शोधला, आणि फुलं घेऊन आला. पाटी एकाला सापडते तशी कुणालाही सापडते. त्या दिवसापासून ताई रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि कुणी मुंगीकडे बघून हसलं की वाट बदलायला लागली.

आता तरी संपेल असं वाटलं होतं. ताईचं अकाउंट बंद, आम्ही सगळ्यांनी आपापल्या अकाउंटवरून मुंगीचे फोटो काढून टाकलेले. पण आठवड्याभराने 'आमची कळी'वर नवा फोटो आला. कागदावर वाकून चित्र काढणारी मुंगी. खाली लिहिलेलं, "गेल्या वर्षीची आठवण. दुखणं वाढायच्या आधी." अंगात निळा स्वेटर होता. तो स्वेटर माझ्या आईने, म्हणजे मुंगीच्या आजीने, मागच्याच रविवारी विणून पुरा केला होता.

त्या फोटोकडे बघताना घराच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. आमच्यापैकीच कुणीतरी? ताईने माझ्याकडे पाहिलं, एक क्षणभरच. मी तिला दोष देत नाही, कारण त्याच क्षणी मी आईचा विचार करत होतो, की आईने कुणाला पाठवला असेल. आईने कानांवर हात ठेवले. शेजारच्या काकू, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. काकूंशी तर आमचा अबोलाच झाला.

शोध लावला तो पडदेवाल्या बाईंनी. फोटोतलं टेबल आमच्या घरातलं नाही, एवढं त्यांनी पाहिलं, आणि मुंगीला विचारलं, "बाळा, असं हिरवं टेबल कुठे असतं गं?" मुंगी म्हणाली, "चित्रकलेच्या क्लासला." क्लासच्या बाई रोज मुलांचे फोटो काढून क्लासच्या पानावर टाकायच्या, जाहिरात म्हणून. खाली प्रत्येकाचं नावही लिहायच्या. कुणालाही दिसेल असं, आणि ताईच्या पानावर मुंगीचं नाव ज्याने वाचलं त्याला शोधून सापडेल असं. फोटो टाकू नका असं त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिथे काय टाकतात हे ताईलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आम्ही आमचं दार लावून बसलो होतो आणि फोटो दुसऱ्याच्या खिडकीतून बाहेर जात होते.

आम्ही पोलिसांत गेलो. सायबरचं काम बघणाऱ्या पोलीस बाई तरुण होत्या, थकलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या.

"तुम्ही तिला मेसेज करायला नको होता," त्या म्हणाल्या. "आधी पुरावा गोळा करायचा. प्रत्येक फोटोचा स्क्रीनशॉट, पानाच्या पत्त्यासकट, तारखेसकट. मग तक्रार. तुमच्याकडे मूळ फोटो आहेत?"

"मूळ म्हणजे?"

"फोनमधले. न कापलेले."

ते होते. ताई काहीही पुसत नाही, तिचा फोन कायम भरलेला असतो, यावरून मी तिला इतकी वर्षं चिडवत आलो. कळीच्या पानावरचा फोटो कापलेला, आमच्याकडचा पूर्ण. इस्पितळाच्या त्या फोटोच्या कडेला आमच्या मूळ फोटोत अक्षरांचा तक्ता होता, आणि तक्त्याशेजारी मी, तोंडात सँडविच कोंबलेला. पोलीस बाई पहिल्यांदा हसल्या.

तरी पान पाडलं ते खरं पडदेवाल्या बाईंनी. त्या पानावरचे लोक त्यांना मानायचे. त्यांनी एकेकाला वेगळं गाठून लिहिलं: मी त्या मुलीला भेटले आहे, ती जिवंत आहे, तिचे पुढचे दात येतायत. पुष्कळांनी त्यांनाच शिव्या घातल्या. दोघांतिघांनी तर लिहिलं, की ती जिवंत आहे असं सांगून तुम्ही आम्हाला पुन्हा दुखावताय. पण हळूहळू लोक फिरले. ज्यांनी ताईविरुद्ध तक्रारी केल्या होत्या तेच आता त्या पानाविरुद्ध करायला लागले, आणि एका दुपारी पान नाहीसं झालं. पोलिसांच्या पत्रानंतर ताईचं अकाउंट परत मिळालं. तिने ते उघडून बघितलं, आपले फोटो फोनमध्ये उतरवून घेतले आणि ते स्वतःच्या हाताने बंद केलं.

पुढे काही महिन्यांनी पोलीस बाईंचा फोन आला. कळीचं पान चालवणारी सापडली होती. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा ती बाकावर स्वतःच्या भावाशेजारी बसली होती. तिशीची, साध्या कपड्यांतली, नखं अगदी बारीक कापलेली. दुसऱ्या शहरात एका गोदामात पार्सलांवर पत्ते चिकटवायचं काम करायची. लग्न नाही, मूल नाही. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "आम्हाला वाटायचं फोनवर मैत्रिणींशी बोलत असते."

ताई तिला खूप काही सुनवणार होती. वाटेत मला ऐकवून झालं होतं. पण समोर गेल्यावर तिच्या तोंडातून एवढंच निघालं, "का?"

त्या मुलीने वर पाहिलं. माफी मागायला पाहतात तसं नाही, ओळखीचं माणूस फार दिवसांनी भेटावं तसं. "तुम्ही तिला मोठी करत गेलात," ती म्हणाली.

"काय?"

"माझी कळी पाच वर्षांची होती. तुम्ही फोटो टाकायचात, ती मोठी व्हायची. मग तिचे पुढचे दात पडले. पाच वर्षांची म्हणून मी लोकांना आता काय दाखवणार होते? मला तिला जाऊ द्यावं लागलं." ती रडायला लागली. "मी दोन दिवस जेवले नाही, ताई. तुम्हाला कळणार नाही. तुमची तर राहिली."

पोलीस बाईंनी तिला थांबवलं. ताई उठली आणि बाहेर आली. पायऱ्यांवर बसली. मग म्हणाली, "खोटं नव्हती रे ती रडत." त्याचंच तिला जास्त भय वाटलं असावं. केस चालली, त्या मुलीला समज मिळाली, उपचारांना पाठवलं, पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेतलं. तेवढ्यावर मिटलं.

ताई आता मुंगीचे फोटो भाऊजींना थेट पाठवते, आणि भाऊजींनी पासवर्ड पाठ केलाय. चित्रकलेच्या क्लासच्या बाई आता विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकत नाहीत, नाव तर लिहीतच नाहीत. काकूंची आम्ही माफी मागितली, त्यांनी ती सावकाश, चवीने स्वीकारली. अधूनमधून ताई मुंगीचा एखादा जुना फोटो शोधयंत्रात टाकून बघते, तो कुठे फिरतोय का. सापडतो. गेल्या वर्षी कुठल्यातरी लांबच्या देशातल्या, आम्हाला न वाचता येणाऱ्या भाषेतल्या पानावर केस कापलेली मुंगी दिसली, खाली फुलांची आणि मेणबत्तीची चित्रं. ताईने स्क्रीनशॉट घेतला, मूळ फोटो जोडला, तक्रार पाठवली, आणि कणीक मळायला गेली. फोटो निघाला. पुढच्या वेळी निघेलच असं नाही, हे तिला ठाऊक आहे.

पडदेवाल्या बाईंचा चष्मा ताईनेच बसवून दिला. त्या येतात अजून. मुंगी मोठी झाली तशी तिला सगळं सांगितलं, आणि तिने त्यांना सरळ विचारलं, "आजी, तुम्ही माझ्यासाठी रडला होतात?"

"हो गं."

"खूप?"

"पोटभर."

मुंगी त्यांच्याकडे जरा सरकून बसली. आता ती बारा वर्षांची आहे. स्वतःचे फोटो ती स्वतः काढते, आणि आमच्यापैकी कुणालाच दाखवत नाही.